शेवट परिणामकारक

तुम्ही कादंबरी वाचलेली नाही. वाचली असं खोटं लिहून, खाली गोल शिक्का मारून तुम्ही ते पत्र टपालात टाकलंत. ‘कथानक ओघवते, भाषा साधी, शेवट परिणामकारक.’ सगळे मिळून सहा शब्द. त्यातले पहिले चार कुठल्याही कादंबरीला चालतात. पण शेवटच्या दोन शब्दांत तुम्ही सापडलात. कारण त्या कादंबरीला शेवट नव्हता. तो तिनं लिहिलेलाच नव्हता, आणि लिहिलेला नाही हे तिनं तुमच्याच अर्जात तुम्हाला कळवलं होतं.

ती कोण, हे तुम्हाला आठवायचं नाही, तेव्हा सांगावं लागतं.

ती इस्पितळाच्या शिवणखात्यात काम करते. तळमजला, शेजारी धुलाईखातं, चार मशीनं आणि कापण्याचं एक लांब टेबल. रुग्णांचे झगे, डॉक्टरांचे हिरवे अंगरखे, उशांचे अभ्रे, फाटलेल्या चादरींना ठिगळं. सव्वीस वर्षं. शाळा आठवीपर्यंत. तिथले कापणारे मास्तर जाड खाकी कागदावर झग्याचे नमुने बेततात. पाठ वेगळी, पुढा वेगळा, बाही वेगळी. मापं बदलली की जुने नमुने रद्दीत जातात. जाण्याआधी ती त्यातल्या पाठी तेवढ्या उचलायची, कारण पाठ मोठी असते. कोरी बाजू बघून पेन्सिलीनं लिहायची. शाई त्या कागदावर फुटते. दुपारच्या सुट्टीत डबा संपवून वीस मिनिटं उरायची, तेवढ्यात जे होईल ते. असं करत अकरा वर्षांत दोनशे बारा पाठी भरल्या.

“लेखिकाबाई, माझ्या पाठीवर काय लिहिता ते तरी सांगा,” मास्तर म्हणायचे.

“तुमच्या माघारी सगळे जे बोलतात ते.”

“मग कागद पुरायचा नाही तुम्हाला.”

गोष्ट नणंदेची होती. तिच्या वन्सं म्हणजे नवऱ्याची थोरली बहीण. लग्न केलं नाही, भावाच्याच घरी राहिल्या. तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर. घरात कुणी दोन प्रश्न एकदम विचारले की एकाकडे बोट करून म्हणायच्या, “होल्ड करा.” निवृत्त झाल्यावर रविवारी दुपारी भाजी निवडता निवडता त्या सांगायच्या आणि ही ऐकायची.

एक बाई दर गुरुवारी दुपारी एकच नंबर मागायची. बहिणीचा. वीस वर्षं दोघींची भेट नव्हती. तो नंबर बंद झालेला, बहीण गाव सोडून गेली की जग सोडून, कुणाला ठाऊक नाही. चार गुरुवार “लागत नाही” सांगून वन्सं कंटाळल्या. पाचव्या गुरुवारी त्यांनी लाइन जोडल्यासारखं केलं, आवाज जरा जाड केला आणि म्हणाल्या, “बोल, मीच आहे.” त्यानंतर साडेतीन वर्षं त्या दर गुरुवारी कुणाची तरी बहीण होत्या. आणि मग एका गुरुवारी ती बाई म्हणाली, “मी रविवारच्या गाडीनं येतेय तुला भेटायला. स्टेशनवर ये.”

“मग? गेलात तुम्ही? आली ती?”

“ते शेवटी सांगीन. आधी इथवरचं लिही आणि मला वाचून दाखव. शेवट आधी कळला तर तू बाकीचं लिहायची नाहीस. ओळखून आहे मी तुला, वहिनी.”

तुमची जाहिरात भाचीनं आणली. येत्या वर्षासाठी एका लेखकाला लेखन-कक्ष. ग्रंथालयाच्या तिसऱ्या मजल्यावर खोली, टेबल, दिवा आणि स्वतःची किल्ली. कादंबरी अपुरी असली तरी चालेल, पण हस्तलिखित मूळच हवं, छायाप्रत बाद. शिवाय वर्षभराचा लेखन-आराखडा, बारा महिन्यांच्या बारा चौकटींत.

छायाप्रत तिनं स्वतःपुरती काढून बघितली होती. खाकी कागदावरची पेन्सिल, मशीनमधून सबंध काळं पान बाहेर आलं. “मावशी, हे तर कोळसा आलं,” दुकानदार म्हणाला. भाचीनं एका सुट्टीत अकरा पानं टाइप करून दिली, मग तिची परीक्षा आली.

आराखड्याला मात्र ती नवरीसारखी नटली. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी तिला विचारत होतं, बाई, वर्षभर काय करणार? मास्तर कापडावर नमुने मांडतात तसे तिनं महिने मांडले. जानेवारी ते मार्च, कादंबरीचं शेवटचं प्रकरण, आणि सगळी कादंबरी वन्संना वाचून दाखवणं. एप्रिल ते जून, शिवणखात्याच्या तीन गोष्टी. त्यातली एक मास्तरांच्या कात्रीची, कारण ती कात्री ते कुणाला हात लावू देत नाहीत आणि त्यामागे काहीतरी आहे. जुलै ते सप्टेंबर, एक छोटं नाटक, बंद पडलेल्या लिफ्टमध्ये दोन माणसं. ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या चौकटीत लिहिलं, ‘अजून सुचलेलं नाही, तोवर सुचेल.’ डिसेंबर कोरा.

नवरा पाणीपुरवठ्यात मीटर वाचतो. घरात वाचणारा मी एकटाच, असं तो सांगत फिरतो. त्यानं चष्मा वर करून आराखडा बघितला.

“डिसेंबर मोकळा का गं? पगारी रजा?”

“माया सोडलीय, अहो. कुठे उसवावं लागलं तर कडेला कापड नको?”

“माझ्या वेळापत्रकात कधी सोडलीस का माया?”

“तुम्ही कापडच आखूड आणलंत.”

वन्सं पलंगावर बसल्या बसल्या हसल्या. गठ्ठा त्यांनीच बांधला, झग्याच्या पांढऱ्या नाडीनं, दुहेरी गाठ मारून. तिनं तो मांडीवर ठेवून बसनं नेला आणि तुमच्या खिडकीत दिला.

दीड महिन्यानं वन्संना झटका आला. उजवा हात गेला, पाय गेला, वाचा गेली. डॉक्टर म्हणाले, कळतं सगळं, शब्द सापडत नाहीत. आठ-दहा दिवसांनी दोनच शब्द सापडले, आणि आता काहीही विचारलं तरी तेच येतात. पाणी हवं का? होल्ड करा. दुखतंय का? होल्ड करा. नवऱ्यानं पहिल्यांदा ऐकलं तेव्हा तो हसला, आणि मग न्हाणीघरात जाऊन बराच वेळ नळ सोडून उभा राहिला.

अशा घरात तुमचं पत्र आलं. निवड झाली. मास्तरांनी शिवणखात्यात सगळ्यांना चहा सांगितला. धुलाईवाल्या बायका ओल्या हातांनी येऊन पत्र बघून गेल्या. ती मात्र त्या सहा शब्दांशी अडली.

“शेवट परिणामकारक म्हणतात,” ती म्हणाली.

“असेल की,” मास्तर म्हणाले.

“असेल कसा? मी लिहिलाच नाही.”

मास्तरांनी चष्मा काढला. “मग वाचला कुणी?”

मंगळवारी अर्धी रजा टाकून ती तुमच्या कार्यालयात आली. टेबलावरचा लेखनिक भला माणूस वाटला. खुर्ची दिली, अभिनंदन केलं, नोंदवही तिच्याकडे वळवली. “इथे सही करा आणि ही किल्ली घ्या.” किल्लीला पितळी बिल्ला होता. बिल्ल्यावर तीन आकडा.

“करते सही. आधी माझी कादंबरी द्या. जानेवारीत शेवट लिहायचाय.”

त्यानं फाईल उघडली. तिच्यात अर्ज होता, बारा चौकटींचा आराखडा होता आणि भाचीनं टाइप केलेली अकरा पानं होती. त्यानं ती अकरा पानं तिच्या पुढे केली.

“हा मासला आहे, साहेब. कादंबरी वेगळी. खाकी कागदाचा एवढा गठ्ठा, पांढऱ्या नाडीनं बांधलेला.”

“खाकी कागद?” तो म्हणाला, आणि त्यानं कोपऱ्याकडे बघितलं.

कोपऱ्यात एक म्हातारा बांधणीवाला पुस्तकांची पुडकी बांधत होता. टेबलावर सुतळी, डिंकाची बाटली, कात्री. हाताखाली खाकी कागद. त्या कागदाच्या वरच्या कडेला बाक होता. तो बाक तिनं सव्वीस वर्षं शिवला होता, झग्याच्या गळ्याचा. ती उठून जवळ गेली आणि तिनं कागद उलटला. कोपऱ्यात तिच्या अक्षरात एकशे त्रेचाळीस.

“हे आवरण आहे, बाई,” लेखनिक मागून म्हणाला. “यातून परीक्षकांना हस्तलिखितं जातात.”

“ही कादंबरी आहे.”

 बांधणीवाल्यानं हातातली सुतळी खाली ठेवली. “मला वाटलं, कुणा शिंप्याची मापं. पेन्सिलीचं होतं ना. लिहिलेली बाजू मी आत घेत होतो हो. बाहेरून खराब दिसू नये म्हणून.” घडीवरून हात फिरवत तो म्हणाला, “कागद फार चांगला होता. एकही पुडकं फाटून परत आलं नाही.”

तिला त्याचा राग येईना. गाठी सुबक होत्या त्याच्या. नऊ पाठी उरल्या होत्या. दोनशे तीन गेल्या. दुसऱ्यांच्या कादंबऱ्या पोटात घेऊन तिची कादंबरी गावोगाव गेली, दारात पोचली, कुणीतरी तिला फाडून आतलं काढून घेतलं आणि तिला टाकून दिलं.

“सगळ्याच टाकल्या नसतील,” ती म्हणाली. “कुणी कपाटात अंथरला असेल कागद, कुणी वहीला घातला असेल. पत्ते द्या मला. मी जाते दारोदार.”

“परीक्षकांची नावं गुप्त असतात.”

“नावं नकोत. पत्ते द्या.”

“पत्त्यावर नाव आलंच की, बाई.”

“मग तुम्ही पत्र घाला त्यांना.”

“निकाल लागला की परीक्षक मोकळे होतात. त्यांना लिहायचं तर समितीचा ठराव लागतो. समिती नव्यानं नेमायचीय.”

“कधी?”

“ते समितीच्या बैठकीत ठरेल.”

“आणि शेवट परिणामकारक, हे कुणी लिहिलं?”

“अभिप्राय परीक्षकांचा असतो. मी फक्त शिक्का मारतो.” त्याला खरंच वाईट वाटलं होतं, ते दिसत होतं. त्यानं नोंदवही पुन्हा पुढे सरकवली. सहीच्या जागेवर एक ओळ छापलेली होती, सोबत जोडलेली सर्व कागदपत्रे सुस्थितीत परत मिळाली. “एवढं केलंत की किल्ली तुमची. शुक्रवारी पाचपर्यंत सही आली नाही तर खोली यादीतल्या पुढच्या नावाला जाते. माझ्या हातात नाही ते. आणि बाई, तुम्ही लेखिका आहात. पुन्हा लिहाल.”

बांधणीवाल्यानं नऊ पाठी घडी घालून तिला दिल्या. बांधायला त्यानं खणातून पांढरी नाडी काढली. तीसुद्धा त्यानं जपून ठेवली होती.

घरी आल्यावर तिनं वन्संच्या पलंगाशी खुर्ची ओढली आणि एकशे त्रेचाळीसावी पाठ वाचून दाखवली. त्यात दुसऱ्या वर्षीचा एक गुरुवार होता. ती बाई फोनवर विचारते, तुला आईचा आवाज आठवतो का गं, आणि ऑपरेटरच्या पुढे बोर्डावर सात दिवे लागलेले असतात. वन्संचे डोळे कागदावरून हलले नाहीत. नवरा दारात उभा होता. विनोद करायला त्यानं तोंड उघडलं आणि मिटलं.

“वन्सं, ती आली का हो? रविवारच्या गाडीनं?”

वन्संचे ओठ हलले. गळ्याची शीर ताणली. मोठी लांब गोष्ट बाहेर पडायला निघाल्यासारखं झालं.

“होल्ड करा,” वन्सं म्हणाल्या.

“बरं. बोलू नका. आली असेल तर माझा हात दाबा.”

वन्संनी डाव्या हातानं तिचा हात दाबला.

 खात्री करावी म्हणून तिनं विचारलं, “की नाही आली?”

वन्संनी पुन्हा दाबला. तितक्याच जोरानं. आणि मग सोडेचनात.

बुधवारी जेवणाच्या सुट्टीत तिनं नव्या पाठीवर बारा चौकटी आखल्या. जानेवारीत काय लिहायचं? शेवट ठाऊक असलेलं एकच माणूस, तेही कुलूप लागलेलं. आधीच्या दोनशे तीन पाठी पुन्हा लिहाव्यात तर कुणाच्या तोंडून ऐकून? रविवारच्या दुपारी तिनं त्या गोष्टी काय वही घेऊन बसून ऐकल्या होत्या? ऐकायचं आणि दुसऱ्या दिवशी डबा संपला की उतरवायचं, एवढंच तिला येत होतं. मास्तरांनी येऊन कोऱ्या चौकटींकडे बघितलं.

“एवढी माया?” ते हळूच म्हणाले. मग न विचारता त्यांनी आपली कात्री तिच्या पुढ्यात ठेवली. “घ्या. हिची गोष्ट सांगतो तुम्हाला. निदान एप्रिल तरी भरेल.”

तिनं मान डोलावली, पण पेन्सिल उचलली नाही.

आज गुरुवार आहे. सही तिनं अजून केलेली नाही. केली तर सगळं परत मिळालं असं तीच म्हणणार, न केली तर तो तीन नंबरचा दरवाजा दुसऱ्या कुणासाठी उघडणार. उद्या पाचपर्यंत ती काय करील हे तिलाही माहीत नाही. तिनं तुम्हाला पत्र लिहायला घेतलं होतं, ‘महोदय’ इथपर्यंत गेलं. म्हणून हे दुसऱ्याला लिहावं लागतंय.

पत्ते देणार नसाल तर देऊ नका. ठराव करणार नसाल तर करू नका. पण तुमच्यातल्या कुणीतरी तो शेवट वाचलाय. वाचून त्याच्यावर परिणाम झालाय. तुमच्या शिक्क्यानिशी तसं लेखी आहे. तर मग तेवढं सांगा. ती बाई रविवारच्या गाडीनं उतरली का? वन्सं स्टेशनवर गेल्या होत्या का? गेल्या असतील तर फलाटावर उभं राहून त्यांनी तिला काय सांगितलं, मी तुझी बहीण आहे असं, की नाही असं?

उद्या पाचच्या आत लिहून कळवा.