रबरबाईंची शाई

“तो कागद फाडा हो सिस्टर,” मांडीवरची पिशवी घट्ट धरून शिंपीणबाईच्या सासूबाई म्हणाल्या. “आता कसली आलीय आवडनिवड?”

सिस्टरनी कागद फाडला नाही. प्रसूतिविभागात त्यांना सगळे रबरबाई म्हणत. बाळंतपणात सोबत कोण हवं, दिवे किती, कळा कमी करणारी सुई हवी की नको, हे आधीच लिहून घ्यायचा तो कागद त्या कायम शिसपेन्सिलीने भरत. कळा सुरू झाल्या की बायका पक्ष बदलतात, हा त्यांचा अनुभव. ‘सुई नकोच’ म्हणणारी एकजण पुढे अशी ओरडली, की समोरच्या बँकेचं शटर आपोआप खाली आलं. ही गोष्ट त्या शपथेवर सांगत, आणि दर वर्षी तिच्यात आणखी एक दुकान बंद होई.

आज मात्र खोडरबर मुठीत धरून त्या नुसत्याच बसल्या होत्या. खाटेवरच्या शिंपीणबाईचं बाळ पोटातच गेलं होतं. सकाळी डॉक्टरांनी पोटावर मशीन फिरवून पाहिलं आणि मशीनचा आवाज बंद केला. बाळंतपण तेवढं उरलं होतं.

“वाचा,” शिंपीणबाई म्हणाली.

“सोबत नवरा.”

“असू दे.”

“दिवे मंद.”

“असू दे.”

“पहिलं रडणं...” रबरबाई अडखळल्या. “मोबाइलवर घ्यायचं.”

शिंपीणबाईने त्यांच्या मुठीतून रबर घेतलं, ती ओळ स्वतः खोडली आणि कागदावर फुंकर मारली. “पुढे?”

“बाळ आधी आईच्या छातीवर.”

“ते तसंच ठेवा. झबलं पिशवीत आहे, मी शिवलेलं. तेच घालायचं.”

“नको गं, बघूच नकोस,” सासूबाई म्हणाल्या. “मलाही नव्हतं दाखवलं माझं पहिलं. काही अडलं का माझं?”

“मुलगा होता की मुलगी, आई?”

सासूबाई पिशवीच्या गाठीशी चाळा करू लागल्या. “कोणी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.”

रबरबाईंनी पेन्सिल खिशात टाकली. कधी नव्हे ते शाईचं पेन काढलं आणि राहिलेली एकेक ओळ गिरवली.

“माझंही लिहा,” सासूबाई हळूच म्हणाल्या. “दारापाशी उभी राहीन.”

रबरबाईंनी लिहिलं.

“दारापाशी कशाला?” शिंपीणबाई म्हणाली. “जवळ या.”

शाई काही रबराने जात नाही. रबरबाईंनी ‘दारापाशी’वर आडवी रेघ मारली आणि वर ‘जवळ’ लिहिलं.

सासूबाईंनी गाठ सोडली. झबलं काढून मांडीवर पसरलं, आणि तळहाताने त्याच्या चुण्या सारख्या करत बसल्या.