नावाच्या मधले चिन्ह

मित्रांनो, मी एक जुनी स्क्रिप्ट आहे. संगणकाला द्यायच्या हुकमांच्या काही ओळी, एवढाच माझा जीव. जावा बेटावर, ज्वालामुखीच्या पायथ्याशी असलेल्या मदत कार्यालयात बाग्योने मला लिहिले. छावणीत आलेल्या माणसाचे नाव चौकटीत टाइप केले की मी ते हुकमात जोडून यादीत नोंदवत असे. नातेवाइकांनी विचारले की तसेच शोधून देत असे.

बाग्योच्या वरिष्ठ बू रेत्नो (तिकडे बाईंना आदराने 'बू' म्हणतात) मला वाचून म्हणाल्या, "अरे, लोक टाइप करतील ते थेट हुकमात कालवू नकोस. हुकमात जागा मोकळी ठेव, नाव वेगळं पाठव."

"करतो हो, बू. चालतंय ना सध्या? आधी भात तरी खाऊ द्या!"

चाललेही. डोंगर पेटला, राख कोसळू लागली, तेव्हा मी भराभर नावे नोंदवली. लोकांनी माझे कौतुक केले. मग थकलेल्या बू नुर'आइनी आल्या. त्यांच्या नावाच्या मधोमध ते छोटे चिन्ह! माझ्या लेखी त्याचा अर्थ एकच : नाव इथे संपले. पुढचे 'आइनी' मला हुकूम वाटला. तो काही कळेना. मी अडले आणि नोंद झालीच नाही.

"राहू दे, नंतर बघू," स्वयंसेवक म्हणाला. रांग मोठी होती.

दुपारी त्यांची मुलगी किनासिह दुसऱ्या छावणीत पोहोचली आणि स्वतःची नोंद करण्याआधीच तिने आईचे नाव शोधायला टाकले. मी पुन्हा अडले. तिने चिन्ह काढून पाहिले, तर तसे नाव यादीत नव्हतेच.

"म्हणजे आई अजून घरीच आहे! तिला ऐकू कमी येतं हो!" असे म्हणत तिने मोटारसायकल डोंगराकडे वळवली. थांब म्हणायला मला तोंड नव्हते.

संध्याकाळी बू रेत्नोंना हे कळले. "आज नावाने अडली. उद्या कुणी खोडसाळ चौकटीत पुसण्याचा हुकूम लिहील, आणि ही बापडी अख्खी यादी पुसेल!"

बाग्योचा चेहरा उतरला. त्याने तिथेच मला बदलले. आता हुकमात फक्त मोकळी जागा असते. नाव मागून वेगळे येते आणि त्यात काहीही असले तरी मी ते नावच समजते. बू नुर'आइनींची नोंद झाली.

"लेकरा, माझी किनासिह बघ ना," त्या स्वयंसेवकाला म्हणाल्या.

मी सगळ्या छावण्या शोधल्या. नोंद सापडली नाही.

"परत बघ."

मित्रांनो, आम्हाला लिहाल तेव्हा माणसाचे नाव हुकमात मिसळू नका. नंतर करू म्हणून ठेवू नका. बू नुर'आइनी अजूनही येऊन विचारतात. माझा हुकूम आता बिनचूक आहे, पण यादीत किनासिह नाही.