एकाच रक्ताचे दोन निकाल

इजिप्तमधल्या दमन्हूरच्या बाजारात हाज्ज बसयूनीच्या मधाच्या दुकानापुढे सकाळी नऊलाच रांग लागते. आत भिंतभर कागद लावलेत, जोडीजोडीने. डावीकडे लाल शाईत ‘पॉझिटिव्ह’, उजवीकडे काळ्या शाईत ‘निगेटिव्ह’. दोहोंच्या मधे काय, तर चाळीस दिवस आणि एक बरणी मध. बायका त्या भिंतीचे फोटो काढतात आणि डोळे टिपतात.

डावीकडचे सगळे कागद माझ्या लॅबचे होते, खाली सही माझी. हे लक्षात आलं तेव्हा मला रागही आला नाही. रागवायला अंगात जोर लागतो, आणि दिवसभर लोकांना सुया टोचून तो उरत नाही.

आमच्याकडे डॉक्टरला न विचारता कोणीही लॅबमध्ये येतं आणि आपली तपासणी आपणच सांगतं. केस गळतात, एएनए करा. शेजारणीने केली, माझीही करा. शरीर स्वतःवरच उलटलंय का, याची ती एक खूण. आम्हीही मुकाट्याने करतो आणि खूण जराशी दिसली की लाल शाईत छापतो.

इन्शिराह गुडघे दुखतात म्हणून आली होती. तीही पॉझिटिव्ह निघाली. कागद घेऊन ती हाज्जकडे गेली आणि बरणी घेऊन मला दाखवायला आली, खुशीत. तिची एकोणीस वर्षांची मुलगी नेहाल हिला मात्र शरीर स्वतःवर उलटण्याचा खराखुरा आजार, लूपस, होता; गोळ्यांवर दोन वर्षं बरी चालली होती. त्या गोळ्या हाज्जने पाच आठवड्यांपूर्वी बंद करवल्या होत्या. पोरीच्या कागदावरचा आकडा मोठा आहे, आधी गोळ्यांचं विष उतरू दे, मग मध लागू पडेल, असं त्याचं म्हणणं.

मी नेहालला बोलावून लघवी तपासली. प्रथिनं भसाभसा जात होती. मूत्रपिंडांना धोका आहे, असं मी इन्शिराहला स्पष्ट सांगितलं.

"डॉक्टर, मग भिंतीवरचे एवढे लोक काय खोटे?" ती म्हणाली.

मी वाद घातला नाही. बरणीचं झाकण न उघडता कालव्यापलीकडच्या लॅबमध्ये आत्ताच रक्त देऊन ये, म्हणून सांगितलं. हाज्ज सगळ्यांना दुसऱ्यांदा तिकडेच पाठवतो.

दुसऱ्या दिवशी ती कागद घेऊन आली. निगेटिव्ह.

करकदेचं, म्हणजे जास्वंदीच्या जातीच्या फुलांचं, लाल सरबत समोर होतं. मी त्यात पाणी ओतत गेले, रंग फिकट होत शेवटी दिसेनासा झाला. रक्ताचंही तसंच बघतात, म्हटलं. आम्ही ऐंशी पट पातळ करून बघतो, तेव्हा तुझी खूण अंधुक दिसते. पलीकडचे सुरुवातच एकशे साठ पटीला करतात, तिथे ती दिसतच नाही. दोघांचंही चुकत नाही. शंभर धडधाकट माणसांत दहा-पंधरा जणांना ऐंशीची खूण असते आणि काहीही होत नाही. नेहालची मात्र बाराशे ऐंशी पटीलाही दिसते, शिवाय तिची लघवी बिघडली आहे. हाज्जच्या भिंतीवर सगळे ऐंशीवालेच आहेत, जाऊन बघ.

ती गेली. भर रांगेत दोन्ही कागद आणि न उघडलेली बरणी तिने गल्ल्यावर ठेवली. हाज्ज गोड हसला.

"बाई, माझा मध घरात शिरला की गुण यायला लागतो. चाटावाही लागत नाही."

"मग विकता कशाला? रांगेला नुसता वास द्या," इन्शिराह म्हणाली.

लोक हसले. चार जण निघून गेले, बाकीचे रांगेत एकेक पाऊल पुढे सरकले.

नेहालला अलेक्झांड्रियाला दाखल केलं. मूत्रपिंडांचं थोडं नुकसान कायमचं झालंय, उरलेलं बहुतेक वाचेल, असं तिथले डॉक्टर म्हणाले. इन्शिराहने मला फोन केला.

"माझ्यामुळे झालं ना हे?"

"अर्धं माझ्यामुळे," मी म्हणाले. "ऐंशीचा अर्थ काय, हे मी कोणालाच कधी सांगितलं नाही. नुसतं लाल छापलं."

 ती म्हणाली, निदान आता तरी सांगा.

म्हणून सांगते. कागदावर लाल दिसलं म्हणून घाबरू नका आणि काळं दिसलं म्हणून पेढे वाटू नका. किती पट पातळ केलं, कोणत्या लॅबने केलं, आणि मुळात आपल्याला होतंय काय, हे डॉक्टरला विचारा. चालू गोळ्या कोणाच्याही सांगण्यावरून स्वतः बंद करू नका. नेहाल एकोणीस वर्षांची आहे, आणि तिला अजून पुष्कळ जगायचंय.