बापाकडून आलेलं

फोटोफ्रेमवाल्याला लेकीचं कौतुक करायला एकच वाक्य पुरायचं : "आमच्यावर गेलीय." नाक आमचं, आवाज आमचा, हट्टीपणा तर अस्सल आमचाच. बायकोच्या माहेराला त्याने लेकीच्या पापणीचा एक केससुद्धा जाऊ दिला नव्हता.

लेकीच्या स्तनात गाठ निघाली, उपचार सुरू झाले. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "घरात आधी कुणाला?" तो छातीठोकपणे म्हणाला, "कुणालाच नाही. हिची आई, आजी, मावश्या, सगळ्या ठणठणीत." स्वतःची बहीण ऐन तारुण्यात याच दुखण्याने गेली होती. ते तो विसरला नव्हता. पण बायकांचं दुखणं आईकडूनच येणार, त्यात आत्या कुठून आली, असं त्याचं सरळसोट डोकं. आत्याचं नाव लेकीनेच काढलं.

मग तिघांच्या रक्ताची तपासणी झाली. लेकीच्या जनुकात एक बदल सापडला. तोच बापातही होता, आईत नव्हता.

"तुमच्या भावातही असू शकतो, त्याच्या मुलींमध्येही," बाई म्हणाल्या. "आधी कळलं तर पुष्कळ करता येतं. कळवा त्यांना."

कळवा म्हणे! दोघा भावांचा अबोला दुकानाच्या पाटीवर कुणाचं नाव आधी, यावरून सुरू झाला होता आणि पाटी गंजली तरी चालूच होता.

दुसऱ्या दिवशी दुकानात त्याने चांगली काच दोनदा वाकडी कापली. लेक समोर स्टुलावर बसली होती, डोक्याला रुमाल बांधून.

"काकांना फोन केलात?"

"तूच कर ना."

"मी केला तर त्यांना वाटेल, सहज केला. तुम्ही केलात तर कळेल, काहीतरी मोठं आहे."

त्याने हातातली काच खाली ठेवली. "मी दिलं गं तुला हे."

"नाक दिलंत तेव्हा मला विचारलं होतंत? हेही तसंच. लावा फोन."

तो ओशाळला, त्याला रडूही आलं. पण फोन लावला.

"ठेवू नकोस," तो घाईने म्हणाला. "शिव्या नंतर दे. आधी ऐक, पोरींचं आहे." आणि बहिणीपासून लेकीपर्यंत सगळं त्याने एका दमात सांगून टाकलं.

 

"दादा," भाऊ अगदी हळू म्हणाला, "धाकटीला छातीत गाठ लागलीय. महिना होत आला. कुणाला विचारावं कळेना."

"अरे, मग मला का नाही..." म्हणता म्हणता तो थांबला.

"तिला तयार राहायला सांग, आमच्या डॉक्टरीणबाईंना दाखवू," तो म्हणाला. "आम्ही निघालोच."

लेक तोवर शटर खाली ओढायला उठलीही होती.