मोकळे व्हा

आमच्या बायकोचा डावा खुबा दोन वर्षांपासून धरलेला. जिना उतरायचा तर अंग तिरकं करून, कठड्याला धरून, एकेक पायरी. आणि डॉक्टरकडे चल म्हटलं की एकच उत्तर: "बघू." मी चिडायचो. मी चिडतोच, त्यात लपवायचं काय? "अगं, डॉक्टरांपुढे कसली आलीय लाज? त्यांना काय, नुसती हाडंच दिसतात!" हे मी तिला किती वेळा ऐकवलं असेल, देव जाणे.

मी फरशा बसवतो. तीस वर्षं गुडघ्यांवर काढली, त्यात पाठ माझीही कामातून गेली. थोरल्या वहिनींनी एका बाईंचा पत्ता दिला. ऑस्टिओपॅथ म्हणतात त्यांना. औषध नाही, सुई नाही, नुसत्या हातांनी सांधे अन् स्नायू सैल करतात. म्हटलं, झक्कास! आधी मी जाऊन येतो, म्हणजे हिची बोलती बंद.

"आल्यावर सांगा," बायको म्हणाली, "तिथे काय काय काढायला लावतात ते."

मी नुसता हसलो.

दवाखाना स्वच्छ होता. फरशी मात्र कुणीतरी डोळे मिटून बसवलेली, कोपऱ्यात दोन सूत उंच. बाई तिशीच्या, माझ्या पोरीच्या वयाच्या. कुठे दुखतं, कधीपासून, काम कसलं, सगळं शांतपणे लिहून घेतलं. मग भिंतीवरचा हुक दाखवून म्हणाल्या, "काका, बूट आणि पट्टा काढा, खिशातलं सामान ठेवा आणि जरा मोकळे व्हा. मी हात धुऊन आलेच."

आता तुम्हीच सांगा, कपडे टांगायचा हुक दाखवून कुणी 'मोकळे व्हा' म्हटलं तर माणसानं काय समजायचं? त्या म्हणत होत्या, निवांत बसा. मी समजलो, सगळं उतरवा. शंका आली नाही असं नाही. पण विचारणार कसं? "बाई, चड्डीसुद्धा का?" असं दारातून ओरडू? शिवाय घरी एवढ्या फुशारक्या मारून आलेलो. सगळं काढलं, घडी घालून खुर्चीवर ठेवलं आणि टेबलावर पालथा पडलो.

दारावर टकटक झाली. "येऊ का काका?"

"या की!" मी म्हणालो. वर ऐटीत.

दार उघडलं आणि तसंच मिटलं. मग बाहेरून आवाज आला. "काका, चूक माझी झाली, मी नीट सांगितलं नाही. कपाटात चादर आहे, ती घ्या. नाहीतर कपडे घाला. घाई नाही."

मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. झटक्यात उठायला गेलो, तर पाठीत अशी कळ आली की पुन्हा आडवा. शेवटी मलाच म्हणावं लागलं, "बाई, उठता येत नाही हो!" त्या भिंतीकडे तोंड करून आत आल्या आणि तशाच मागे सरकत सरकत चादर माझ्या अंगावर टाकली. आणि मी काय केलं? त्यांच्यावरच खेकसलो. "आधी धड सांगायला काय जातं तुमचं?" चादरीखाली उघडानागडा पडलेला मी, आणि तोरा बघा!

"बरोबर आहे तुमचं," त्या म्हणाल्या. "आज नको असेल तर राहू दे."

मी थांबलो. जाणार तरी कुठे होतो म्हणा! पण त्यांचं काम बघण्यासारखं होतं. जिथे हात लावायचा तेवढीच जागा उघडी, बाकी सगळं झाकलेलं. हात लावायच्या आधी सांगायच्या, कुठे लावतेय, कशासाठी लावतेय. "थांबा म्हणालात की मी थांबेन," म्हणाल्या. "आणि पुढच्या वेळी कुणाला सोबत आणायचं असेल तर आणा, खोलीत बसता येतं." पाठ हलकी झाली. तोंड मात्र घरी पोचेपर्यंत तापलेलं होतं.

"काय काढायला लावलं?" बायकोनं दारातच विचारलं.

"काही नाही. बूट."

"मग शर्ट उलटा कसा?"

मी खाली बघितलं. शिवण बाहेर, बटणं आत. करायला गेलो एक अन् झालं भलतंच.

"तुम्हालासुद्धा खोटं बोलावं लागतंय ना?" ती म्हणाली. "मग मला नाही जायचं. पुन्हा विचारू नका."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती जिना उतरत होती आणि पावलांचा आवाज मध्येच थांबला. बाहेर येऊन बघतो तर मधल्या पायरीवर बसलेली, ओठ दाबून. ती आता बाईंकडे जाणार नाही ते माझ्या खोट्यामुळे, एवढं मला कळलं. मी शेजारी जाऊन बसलो आणि हुकापासून चादरीपर्यंत सगळं सांगून टाकलं. वाटलं, हसेल. हसली असती तर मी सुटलो असतो.

"त्यांनी दार लगेच लावलं?" तिनं विचारलं.

"हो."

"आणि झाकलं तुम्हाला?"

"हो म्हटलं ना."

तिनं खुब्यावर हात दाबला. मग म्हणाली, "धाकटीच्या बाळंतपणात मी टेबलावर होते. दार सताड उघडं, माणसं येतायत, जातायत. मी चादर खाली ओढत होते."

"होतो की मी तिथे."

"होतात ना. माझा हात कुणी धरला? 'डॉक्टरांना त्यांचं काम करू दे' असं कोण म्हणालं?"

मला आठवलं. सगळं आठवलं. चादरीवरची तिची गार मूठ मी एकेक बोट उलगडून सोडवली होती. वर तिचाच राग आला होता मला, चारचौघांत तमाशा करते म्हणून. वीस वर्षं झाली, आणि या वीस वर्षांत मी तिला विचारत आलो होतो, कसली आलीय लाज. तिच्याकडे बघवेना मला.

"चुकलो मी," मी म्हणालो.

तिनं पदरानं तोंड पुसलं. "त्या बाईंची वेळ घ्या माझ्यासाठी. शुक्रवारची."

मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! "आत्ता घेतो. आणि मी येतो ना सोबत. खोलीत बसू देतात त्या."

ती कठड्याला धरून उठली. मी हात पुढे केला, तो तिनं घेतला नाही.

"खोलीत जाऊबाई बसतील," ती म्हणाली. "तुम्ही बाहेर बसायचं."