धूमनाथ महाराजांचा आकाशरथ

"ओंऽ आकाश हुम्! वायुपुत्र हुम्! ये रे रथा, उतर रे रथा!"

पाटणच्या वरच्या अंगाला, कोयनेच्या पाण्यापलीकडच्या एका माळावर दर गुरुवारी हा तमाशा चालायचा. धूमनाथ महाराज होमात ओला पाला टाकत, पांढऱ्या धुराचा लोट उठे, महाराज डोळे फिरवून आभाळाकडे बोट दाखवत आणि थोड्या वेळात डोंगराआडून खरोखरच हेलिकॉप्टर येई! सारा माळ आडवा पडे. कोणी नारळ फोडी, कोणी कोंबडं सोडी. पंख्याच्या वाऱ्याने उडालेली धूळ बायका अंगारा म्हणून पदराला बांधून नेत.

त्या रथाचा सारथी मी. जवाहर उपाध्ये, मूळचा सांगलीचा, फौजेतून निवृत्त. मिशनच्या दवाखान्याचं हेलिकॉप्टर चालवतो, डॉक्टर क्षमाताईंना औषधांसकट वाड्यावस्त्यांवर नेतो-आणतो. मिशनवाल्यांनी मला माझा धर्म विचारला नाही, मीही त्यांच्या प्रार्थनेत कधी खोडा घातला नाही. माळावर उतरलो तरी पंखा फिरताच ठेवावा लागतो, म्हणून मी जागा सोडत नाही. डोक्यावर हेल्मेट, डोळ्यांवर काळी काच. त्या गावाने माझं तोंड कधी पाहिलं नव्हतं.

आता त्या धुराची गोष्ट. वाऱ्याकडे तोंड करूनच उतरावं लागतं आणि वारा कुठला आहे हे वरून कळत नाही. म्हणून निघण्याआधी मी गावातल्या नाथाजीला फोन करायचो, "निघतोय. माळावर पाणी मारा, धूर करा." गावात फोन लागत नाही, वरच्या टेकडीवर लागतो. हा नाथाजी महाराजांचा पट्टशिष्य. दर गुरुवारी महाराजांसाठी फुलं आणायला म्हणून तो टेकडीवर जाई. फुलांबरोबर माझा निरोपही खाली येई, की पेटला होम! धूर मी मागवलेला, येणार मी, आणि आयत्या बिळावर हा नागोबा. क्षमाताईंनी हे सांगितल्यापासून त्या माळावर उतरायची मला किळस यायची. तेवढ्यात मयूरीला घोणस चावली.

मयूरी ही त्याच गावातल्या हरणाबाईची आठ वर्षांची लेक. सोमवारी सकाळी गवतात तिचा पाय पडला. हरणाबाई तिला उचलून थेट महाराजांकडे धावली. दुसरं काय करणार? रथ बोलावणारा माणूस गावातच होता ना!

"घाबरू नको, बाई. माझा रथ निघाला," म्हणत महाराजाने पोरीच्या पोटरीला मंतरलेला दोरा करकचून आवळला आणि होम पेटवला. नाथाजी पाटणला गेलेला, फोन त्याच्या खिशात. दुसऱ्या कुणाला टेकडीवर धाडलं तर बिंग फुटणार! म्हणून हा नीच माणूस दुपारपर्यंत पाला जाळत बसला आणि पोरीचा पाय काळानिळा होत गेला. शेवटी दुपारी गावात परतलेले शाळेचे उदयसिंह सर तडक टेकडी चढले आणि त्यांनी दवाखान्याला फोन लावला.

मी उतरलो तर महाराज हात वर करून नाचत होता, "आला! माझा रथ आला!" क्षमाताईंनी मयूरीला आत घेतलं आणि मी तसाच वर उठलो.

मयूरी वाचली. पाय गुडघ्याखाली कापावा लागला. मी बघायला गेलो आणि रथ मीच चालवतो असं सांगितलं, तेव्हा तिने विचारलं, "काका, म्हाराज सकाळधरनं हाका मारत हुतं. तुमाला ऐकू आलं न्हाई व्हय?"

हरणाबाई शेजारीच बसली होती. मी तिला सगळं सांगितलं. तिचा विश्वास बसेना.

"आवं, आमी डोळ्यानं बघितलंय," ती म्हणाली.

"मग एकदा माझ्याबरोबर बसून बघा," मी म्हणालो.

गुरुवारी मी आणि हरणाबाई जीपने निघालो. अलीकडच्या काठावरून नाथाजीला नेहमीचा फोन केला, "निघतोय. धूर करा." मग लाँचने पलीकडे जाऊन गर्दीत बसलो. होम पेटला. महाराज घुमू लागला.

"दिसला! शिखरावर रथ दिसला! सारथी मला हात जोडतोय!"

मी उठलो. "सारथी हितं बसलाय, महाराज. हेलिकॉप्टर तिकडं दवाखान्याच्या छपराखाली झाकून ठेवलंय."

"कोन रं तू?" गर्दीतले म्हातारे भाऊसो खेकसले.

मी पिशवीतून हेल्मेट काढून घातलं, काळी काच खाली ओढली.

"आरं, ह्यो तर रथवालाच की!"

 धूर कशासाठी आणि फोन कुणाला, ते मी सगळ्यांसमोर सांगितलं. महाराज किंचाळला, "मिशनचा माणूस हा! धर्म बुडवायला आलाय!"

"धर्माचं राहू द्या. मयूरीच्या प्रश्नाला उत्तर द्या. सोमवारी सकाळपासून तुम्ही मला हाका मारत होता. मला ऐकू का आल्या नाहीत?"

महाराजाने होमात आणखी पाला टाकला. धूळ बसवायला भरून ठेवलेली कळशी हरणाबाईने उचलली आणि होमावर उपडी केली.

"माज्या लेकीचा पाय दे," ती म्हणाली. "मंतर म्हन आन् आन की रं!"

हरणाबाईच्या तक्रारीवरून आज महाराज कोठडीत आहे. तो सुटेल, नाहीतर त्याचा भाऊबंद दुसऱ्या माळावर पाला जाळत बसेल. म्हणून सांगतो: देव मानायचा की नाही, हे ज्याचं त्याने ठरवावं. पण साप चावल्यावर दोरा आवळू नका, मंत्र ऐकत बसू नका, दवाखाना गाठा. आणि कुणी चमत्कार दाखवला की एकदा तरी विचारा, हे घडतं कसं?

दवाखान्याचा नंबर आता शाळेच्या भिंतीवर रंगवलाय. गुरुवारी धूर हरणाबाई करते. शेजारी मयूरी कुबडी घेऊन उभी असते. सवयीने कुणी हात जोडले की हरणाबाई ओरडते, "हात कशाला जोडतायसा? त्याच हातानं फोन करा!"