टेकडीवर जोडलेली बॅटरी

मी एक जुनी ट्रॅक्टरची बॅटरी आहे. जुनी म्हणा, निकामी म्हणायचं नाही.

मित्रांनो, माझी उमेदीची वर्षं शिंदखेड्याजवळ केसरबाईंच्या ट्रॅक्टरवर गेली. वीज गेली की गल्लीचा टीव्ही माझ्यावर चाले, लग्नाचा भोंगाही. तेव्हा कौतुक होतं. मग माझा एक कप्पा कमजोर झाला, ट्रॅक्टरला नवी बॅटरी आली आणि मी गोठ्यात धूळ खात पडले.

१९९१च्या उन्हाळ्यात शास्त्रज्ञ लताबाई आमच्या टेकडीवर आल्या. जमिनीच्या आरपार जाणारे अतिसूक्ष्म कण एका ठिकाणाहून सोडायचे आणि शेकडो मैलांवरच्या खोल खाणीत पकडायचे, असा प्रयोग पुढे व्हायचा होता. मधे एवढी जमीन, नेम धरायचा कसा? दोन्ही जागा उपग्रहांकडून ठरवायच्या. त्याची ही तालीम होती. उपग्रहांचे संदेश टिपणारं एक यंत्र इथे, दुसरं दक्षिणेतल्या खाणीपाशी. दोन्ही यंत्रांनी एकाच वेळी तेच उपग्रह पाहिले तरच हिशेब जुळणार. तेव्हा उपग्रह मोजकेच, दुपारचे काही तासच पुरेसे डोक्यावर येत. यंत्र उसनं, उद्या परत जायचं, आणि लताबाईंची बॅटरी जीपच्या हिसक्यांनी फुटलेली, जीपही त्यांना सोडून परत गेलेली.

ट्रॅक्टर उरलेलं वऱ्हाड आणायला गेला होता, गावात वीज नव्हती. शेजारच्या झिपरूनानांच्या मुलीच्या लग्नात भोंग्यासाठी मला चार्ज करून ठेवलं होतं. मुहूर्ताआधी काम संपेल, या अंदाजानं केसरबाईंनी मला टेकडीवर दिलं. अंदाज चुकला. नाना धापा टाकत वर आले.

“अक्का, बॅटरी दे. मांडवमा बठ्ठा लोके बशेल शेतस, भोंगा बंद शे.”

केसरबाई वायरवर हात ठेवून बसल्या. “झिपरू, तुले सबद दिधा व्हता, मी नाकारत नही. पन चालू काम तोडू देवाव नही.”

“लोके माले हसतीन.”

“हसू दे. मंगलाष्टक तोंडघाई म्हना, भोंगाबिगर.”

नानांनी वायरला हात घातला, केसरबाईंनी तो बाजूला सारला. नाना तणतणत उतरले.

इकडे माझा जोर ओसरत चालला, यंत्रावरचा दिवा मिणमिणू लागला. मला राग आला. गोठ्यात टाकणाऱ्यांचा, नानांचा, त्या कमजोर कप्प्याचासुद्धा. विझायचं नाही, एवढंच मी ठरवलं. उपग्रह मावळले, लताबाईंनी स्वतः यंत्र बंद केलं, तोवर मी चालत होते. दुसऱ्या दिवशी खाणीकडून फोन आला की दोन्हीकडची मोजणी जुळली, दोन्ही जागांमधली नेमकी रेषा मिळाली.

नाना अजून केसरबाईंशी बोलत नाहीत. केसरबाईंना वाईट वाटतं, मलाही वाटतं. पण उद्या तशीच वेळ आली तर त्या तसंच करतील.

मित्रांनो, कुणाच्या तरी भरवशावर चालू असलेलं काम आपल्या सोयीसाठी मधेच तोडू नका. तोडायला आलात, तर मी वायर सोडणार नाही.